चुकणाऱ्याला सांगायची दोनशे बारा वाक्यं

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी कामावर रुजू झालो. पगार नाही, गणवेश नाही, साहेब फिनलंडमध्ये आहे आणि साहेब बाई आहे. हेल्मी तिचं नाव. वय चौतीस, म्हणजे आमच्या मुलाच्या, जयराजच्या बरोबरीची.

काम आणून दिलं सुनेनं, संयोगितानं. नोकरी सांभाळून ती इथं कुंडलला घरात बसून 'सोरेल' नावाच्या भाषेच्या कम्पायलरवर काम करते. सोरेल ही संगणकाला काम सांगायची भाषा. आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं उतरवून देतो तो कम्पायलर. लिहिताना आपण चुकलो तर तो थांबतो आणि काय चुकलं ते सांगतो. आजवर तो हे इंग्रजीतच सांगायचा. वडूजच्या कॉलेजात माया मॅडम ही भाषा शिकवतात. त्यांच्या पोरांचा अर्धा तास आपलं काय चुकलं हे कळण्यातच जातो. म्हणून त्याची दोनशे बारा वाक्यं मराठीत करायची आहेत. नवी आवृत्ती १ डिसेंबरला निघणार. ती चुकली तर पुढची जूनमध्ये, आणि तोवर वडूजची पोरं परीक्षा देऊन बाहेर पडलेली असतील.

ही भाषा जरा वेगळ्या घराण्यातली आहे, फंक्शनल म्हणतात. सगळा कारभार गणिताच्या सूत्रांसारखा. एकदा एखाद्या नावाला किंमत दिली की शेवटपर्यंत तीच, मधेच कुणी गुपचूप बदलायची नाही. हा स्वभाव मला आवडला. माणसांत कमी सापडतो.

जगभरातले चौदा जण हे काम फुकट करतात. कोड सगळ्यांना उघडा. मी विचारलं, "हुकूम कोणाचा?" संयोगिता म्हणाली, "कोणाचाच नाही, आबा." हे काही मला पटलं नाही. पण मुलं मेहनती दिसतात. मराठी वाक्यं तपासून पसंती द्यायचा अधिकार त्यांनी मला दिला आहे. फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या दलात, अठ्ठावीस वर्षं काढलेला सुभेदार आहे म्हटल्यावर विश्वास बसला असणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

बावीस वाक्यं झाली. आकड्याच्या जागी नाव लिहिलं तर कम्पायलर म्हणेल, "आकडा मागितला, नाव दिलंस. डोळे उघडून वाच." कंस बंद करायचा राहिला तर, "उघडलेलं बंद कोण करणार?" छोटं, खणखणीत. परेडवर असंच बोलतात, म्हणून तर माणसं सरळ चालतात.

टपाल फार येतं. चौदा जण एकमेकांना सारखं लिहीत असतात. मी प्रत्येकाला लगेच कळवतो, "संदेश मिळाला. लालासाहेब." संयोगिता म्हणाली, "आबा, प्रत्येक मेलला उत्तर द्यायला लागत नाही." मी तिला समजावून सांगितलं, पोच दिली नाही तर पाठवणाऱ्यानं काय समजायचं? संदेश पोचला की मधेच पडला? ती मान हलवून कामाला लागली. पटलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार

वडूजच्या सोनिया नावाच्या विद्यार्थिनीनं प्रकल्पाच्या पानावर तक्रार नोंदवली आहे. जाहीर. "मराठी मेसेज लय खडूस आहेत. चूक झाली की पोटात गोळा येतो. इंग्रजी कळत नव्हतं ते बरं होतं." एकोणीस वर्षांची पोर! मी तिथंच उत्तर दिलं, "यंत्र लाड करायला नसतं. चुका कमी करा." चौदा जणांत ब्राझीलचा एक मुलगा आहे, त्यानं खाली एक गोंधळलेला चेहरा डकवला. त्याला मराठी येत नाही, त्यामुळे मनावर घेतलं नाही.

सायंकाळी आसामहून जयराजचा फोन. संयोगिताशी पाऊण तास, आईशी वीस मिनिटं. माझ्याशी "तब्येत बरी? ठेवू?" इतकंच. शिस्तीचा पोरगा आहे, फौजेत गेल्यापासून मोजकंच बोलतो. त्याच्या आधीही मोजकंच बोलायचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खालच्या शेतात ऊसतोडीची टोळी आली, त्यामुळे आज वेळ कमी. संयोगितानं एक मोठा बदल बघायला पाठवला होता. "आबा, यातली मराठी वाक्यं तेवढी बघा." सगळी वाचली, दोन ठिकाणी सुचवलं आणि पोच दिली. पोच द्यायला तिथं हिरवं बटणच आहे, पुन्हा टाइप करायला नको. सोय चांगली केली आहे. आधी त्या ब्राझीलच्या मुलानंही दाबलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल वडूजला फजिती झाली. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. आमची वाक्यं तपासायची म्हणून तिथं रोज सकाळी ताजा कम्पायलर उतरवून घेतात. कालच्या ताज्यात संयोगिताचं अर्धवट काम शिरलेलं होतं. अजून साठ वाक्यांचं मराठी झालेलं नाही. तिथं इंग्रजी दाखवायची सोय ती करणार होती, ती राहिली होती. पोरांनी चूक केली की कम्पायलर एक अक्षर न बोलता बंद पडायचा. चाळीस पोरं अडीच तास मुक्या पडद्यापुढं. ती सोनिया रडत बाहेर गेली म्हणे. माया मॅडमना परीक्षा रद्द करावी लागली आणि वरिष्ठांची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

अर्धवट काम आत जातंच कसं? नियम असा की दोघांनी पसंती दिली की बदल आपोआप आत जातो. म्हणजे कुणीतरी न बघता पसंती दिली. मी संयोगिताला विचारलं, कोण तो शहाणा? ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "होतं असं, आबा." हे असं 'होतं असं' म्हणूनच होतं!

मी सगळ्या चौदा जणांना इंग्रजीत पत्र धाडलं आहे. मुद्दे तीन. चौकशी बसवा. दोषी माणसाचं नाव जाहीर करा. त्याचा अधिकार काढून घ्या. शेवटी लिहिलं की आमच्या पलटणीत अशा माणसाला महिनाभर भांडी घासायला लावली असती.

१६ नोव्हेंबर, रविवार

एकानंही उत्तर दिलेलं नाही. एरवी स्वल्पविरामावरून दहा-दहा पत्रं लिहिणारी माणसं! हेल्मीनं फक्त एवढंच जाहीर केलं की मराठी या आवृत्तीत ठेवायची की काढायची ते बुधवारी ठरवू. म्हणजे एका बेफिकीर माणसापायी वडूजच्या पोरांचं नुकसान.

संयोगिता दोन दिवस नीट जेवत नाही. बिचारीच्या कामाचा कचरा झाला. मी तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, त्या माणसाला मी सोडत नाही. ती ताट घेऊन आत गेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांगलीला मिलिटरी कँटीनला गेलो होतो. रांग दारापर्यंत. उभ्या उभ्या मोबाइलवर तो बदल उघडला. संयोगितानं मला पूर्वीच शिकवलं होतं की सोरेलमध्ये काहीच लपत नाही, कोणी कधी काय केलं ते सगळं खाली नोंदलेलं असतं. म्हटलं, कुणी सांगत नसेल तर आपणच नाव काढू.

पहिली पसंती ब्राझीलच्या मुलाची. पुढं त्यानं लिहिलं होतं, "दिशा बरोबर आहे, काम पुरं झाल्यावर पुन्हा बघतो." दुसरी पसंती १३ नोव्हेंबर, दुपारी तीन सतरा. लालासाहेब.

मागचा माणूस म्हणाला, "आवं, म्होरं सरका की." मी सरकलो नाही. तो वळसा घालून पुढं गेला, त्याच्यामागून आणखी दोघे गेले.

ते हिरवं बटण पोच द्यायचं नव्हतं. 'मी तपासलं, माझी जबाबदारी, आत घ्या' असा त्याचा अर्थ. मी संदेश मिळाला म्हणून दाबलं. आणि मग तीन कलमी पत्र लिहून, भांडी घासायची शिक्षा सुचवून सगळ्या जगाला विचारलं, तो कोण?

चौदाच्या चौदा जणांना माहीत होतं. एका टिचकीवर दिसतं. तरी एकानंही म्हटलं नाही की सुभेदार, आरशात बघा.

सामान न घेताच परत आलो. बायकोनं, राहीबाईनं विचारलं, "साखर न्हाई आणली व्हय?" मी नाही म्हटलं. जेवण झाल्यावर संयोगिताला म्हटलं, "तुला माहीत होतं." तिचे डोळे भरले. म्हणाली, "सांगणारच होते, आबा. पण तुमचं ते पत्र वाचलं आणि जीभ उचलेना. आणि चूक माझीही आहे. काम अर्धवट आहे अशी खूण मी त्यावर करायला हवी होती. सगळ्यांना मीच कळवलं, आबांशी मी बोलते, तोवर कुणी काही लिहू नका."

म्हणजे ही पोर दोन दिवस जेवत नव्हती ती कामाच्या काळजीनं नव्हे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी नऊला सगळ्यांना पत्र लिहिलं. चार ओळी. तो माणूस मी आहे. बटणाचा अर्थ मला माहीत नव्हता आणि मी विचारला नाही. माझं शनिवारचं पत्र मागं घेतो. अधिकार काढून घ्यावा, पण मराठी काढू नये, तिचा यात दोष नाही. खाली फौजेतल्यासारखी रँक लिहिली होती, ती खोडली.

फौजेतसुद्धा चुका झाल्या, नाही असं नाही. पण लेखी असं कधी दिलं नव्हतं.

दुपारी हेल्मीचं उत्तर आलं. सतरा वेळा वाचलं असेल. तिनं लिहिलं आहे, "पत्राबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे चूक कोणाची ते शोधत नाहीत, चूक कुठून आत आली ते शोधतात. दोन पसंत्या मिळाल्या की बदल आपोआप आत, हा नियम माझा. हिरव्या बटणाचा अर्थ नव्या माणसाला सांगायची कुठंच सोय नव्हती, तीही माझीच कसूर. कालपासून दोन्ही दुरुस्त केलं आहे. तुमचा अधिकार तुमच्याकडेच राहील. आता तो कसा वापरायचा हे आमच्यात सगळ्यात चांगलं तुम्हालाच माहीत आहे."

पुढं मराठीचा निर्णय. दोनशे बारा वाक्यं पुरी व्हावीत, वडूजच्या विद्यार्थ्यांनी ती वापरून बघावीत, आणि २८ तारखेपर्यंत 'ठेवा' असं त्यांनीच कळवावं. त्यांनी नाही म्हटलं तर मराठी जूनमध्ये.

म्हणजे आता सगळं त्या सोनियाच्या हातात. आणि तिला मी काय लिहिलं होतं ते या डायरीत आहेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जयराजचा फोन. आज पहिल्यांदा त्यानं मला फोनवर बोलावून घेतलं. "आबा, तुमी सोताचीच चौकशी लावली व्हय?" आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. मग मलाही हसू आवरेना. त्याच्या युनिटमध्ये त्यानं केलेले दोन घोळ त्यानं मला सांगितले. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अर्धा तास बोललो. माझ्या चुकीचं त्याला एवढं बरं का वाटलं कुणास ठाऊक, पण मला आवडलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळी वाक्यं नव्यानं लिहायला घेतली आहेत. हेल्मीचं पत्र समोर ठेवलं आहे. तिनं मला चूक सांगितली, पण वाचून झाल्यावर मला पळून जावंसं वाटलं नाही, काम करावंसं वाटलं. हे तिनं कसं केलं ते एकेक ओळ लावून बघतो. आधी काय झालं ते सांगितलं. मग काय हवं होतं ते. मग पुढं काय करता येईल ते. माझ्याबद्दल त्यात काहीच नाही.

"आकडा मागितला, नाव दिलंस. डोळे उघडून वाच" याचं आता असं झालं आहे: "इथं आकडा यायला हवा होता, पण नाव आलं आहे. ते चौथ्या ओळीतून आलं असावं, तिथं एकदा पाहा."

तपासणीला राहीबाईला बसवलं आहे. तिला कम्पायलर म्हणजे काय ते माहीत नाही. मी वाक्य वाचतो, ती शेंगा फोडत ऐकते आणि निकाल देते. तिची कसोटी एकच. "ह्ये मला कुनी म्हनलं, तर मी फिरून करायला बसंन का? बसंन. फुडचं वाचा."

सव्वीस वाक्यं नापास झाली. एकाला तर म्हणाली, "ह्यात तुमचा आवाज येतुया." ते परत लिहिलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एकशे एकसष्ट. संयोगिता रात्रीचं जेवण उरकलं की राहिलेली इंग्रजी वाक्यं मला सोपी करून देते, सकाळी मी मराठी करतो, दुपारी राहीबाई. टोळीनं ऊस तोडून नेला, मी बांधावर फिरकलोसुद्धा नाही. राहीबाई गेली होती बघायला.

आज एका वाक्यावर अडलो. राहीबाई म्हणाली, "जयराजला सायकल शिकविताना तुमी वरडत हुता बगा. त्यो पडायचा त्ये सायकलीला भिऊन न्हाई." शेंगा फोडत फोडत सहज म्हणाली. ते वाक्य मी खोडून नव्यानं लिहायला घेतलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोनशे बारा पूर्ण. काल वडूजला पाठवली. आज सोनियाच्या तक्रारीखाली मी लिहिलं, "तुमचं म्हणणं खरं होतं. माझं उत्तर चुकीचं होतं. वाक्यं बदलली आहेत, कृपया पाहावीत." पाठवायच्या आधी राहीबाईला वाचून दाखवलं. पास झालं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारचे बारा, काही नाही. तीन, काही नाही. संयोगिता सांगलीहून कामावरून फोन करून विचारते, आलं का? फिनलंडची वेळ धरून अजून अवकाश आहे असं मीच तिला सांगितलं.

पाच वीसला आलं. माया मॅडमचं नाही, सोनियाचं. "आम्ही ३८ जणांनी वापरलं. ३८ही जण ठेवा म्हणतात. दोघं गैरहजर आहेत. आता पोटात गोळा येत नाही. ठेवा."

राहीबाईला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "वरडताय कशापायी, मी हितंच हाय."

१ डिसेंबर, सोमवार

सोरेलची नवी आवृत्ती निघाली. आत मराठी आहे. हेल्मीनं जाहीर पत्रात सगळ्यांचे आभार मानले. त्यात 'लालासाहेब आणि राहीबाई, कुंडल' असं एका ओळीत छापलं आहे. आमचं दोघांचं नाव एकत्र छापून यायची वेळ याआधी फक्त लग्नपत्रिकेवर आली होती.

४ डिसेंबर, गुरुवार

वडूजला जाऊन आलो. पत्रानं माफी मागितली होती, पण चाळीस पोरांची परीक्षा घालवलेल्या माणसानं तोंड दाखवायला हवं. विट्यात एसटी बदलली, मायणीवरून अकराला पोचलो. माया मॅडमना म्हटलं, ओळख करून देऊ नका, आधी मागं बसून बघतो.

सोनिया पुढून दुसरी. लाल रिबिनीची वेणी, पायात चप्पल नाही, ती खुर्चीखाली काढलेली. बापाच्या मेंढरांना लस कधी द्यायची याची यादी करणारा प्रोग्राम लिहीत होती. तिनं चालवला, कम्पायलर थांबला. माझं वाक्य आलं: "यादीत नावं असतील तर काय करायचं ते तुम्ही लिहिलं आहे. यादी रिकामी असेल तर काय करायचं, तेवढं राहिलं आहे."

तिनं वाचलं आणि पडद्यालाच म्हणाली, "मेंढरं न्हाईत असं कवा हुतंय व्हय?" पुन्हा चालवला. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी मागं बसून मुठी आवळत होतो. माझा जुना कम्पायलर असता तर चौथ्यांदा तिची अब्रू काढली असती. हा पहिल्यांदा जसा बोलला तसाच चौथ्यांदा बोलला. पाचव्यांदा ती थांबली. शेजारणीला म्हणाली, "नव्या मानसाकडं मेंढरं नसत्यात की गं, त्यानं ह्ये चालविलं तर?" आणि दोन ओळी लिहिल्या. चाललं.

तेव्हा मी उठून पुढं गेलो. म्हटलं, "मी लालासाहेब. ती खडूस वाक्यं लिहिणारा. परीक्षेच्या दिवशी कम्पायलर माझ्यामुळे बंद पडला. चूक माझी होती." सगळी पोरं वळून बघायला लागली. सोनिया झटकन उभी राहिली. मी म्हटलं, बस, बस. ती बसली नाही. माझ्या मिशांकडे बघत राहिली.

"मग आत्ताची बी तुमीच लिव्हली?"

"हो."

"मला वाटलं कुनी बाईमानूस असंल."

"वाचून बघणारी होती," मी म्हटलं. "तिनं पास केल्याशिवाय एकही पुढं गेलं नाही."

"तवाच," सोनिया म्हणाली. मग म्हणाली, "त्यास्नी सांगा, लय उपकार झालं."

परतीच्या एसटीत विट्यापर्यंत तो निरोप घोळवत होतो. तो माझ्याच तोंडून जायला हवा होता, आणि किती वर्षं तो माझ्याकडे पडून होता ते मोजायला लागलो. घरी आलो तेव्हा राहीबाई परसात भांडी घासत होती. तिच्यापुढं उभा राहिलो आणि सोनियाचा निरोप दिला. मग म्हटलं, "आणि माझेही. आभार."

तिनं हातातली कढई खाली ठेवली. अडतीस वर्षांत हा शब्द तिनं माझ्याकडून ऐकला नव्हता.

"बरं वाटत न्हाई व्हय तुमास्नी? ताप हाय का?"

ताप नाही असं मी सांगितलं. तिनं पदराला हात पुसला आणि तरी माझ्या कपाळाला लावून पाहिला.